हाताने आवळलेला नट

शेलूबाजार,
११ सप्टेंबर १९७६

प्रिय देवमन,

कारंज्याच्या जिनिंगच्या पत्त्यावर हे पाकीट तुझ्याच हातात पडेल ना, या धास्तीने डिंक दोनदा लावला आहे. आधी अंतर्देशीय पत्र घेतलं होतं. अशी तीन फाडली. त्यावर जागा कमी असते आणि त्या सबबीवर मी नेमकी मुख्य गोष्ट गाळत होतो. म्हणून आता रोजनिशीच्या वहीचीच पानं काढून लिहितो आहे. माझी ती सवय तू चेष्टेवारी न्यायचास. "शेठ, आज वांग्याची भाजी खाल्ली हेबी लिहून राह्यले का?" हो, तेही लिहितो. पण १९७३ च्या वहीत दसऱ्यानंतरचे दोन दिवस कोरे आहेत. वांग्याची भाजी लिहिणाऱ्या माणसाने ते दोन दिवस का लिहिले नाहीत, हे तुला सांगायचं आहे.

इकडे बरं आहे. मूग घरात आला, उडीद अजून शेतात आहे. प्रेमाचे, म्हणजे तुझ्या शेठाणीबाईंचे गुडघे पावसाळाभर धरून असतात, तरी ती दुसऱ्या कोणाला पाण्याची घागर उचलू देत नाही. बाबूजी गेले त्याला दीड वर्ष झालं. तू स्मशानात आला होतास, लांब बाभळीखाली उभा होतास. मी तुला पाहिलं होतं. तुझ्याकडे येण्याऐवजी मी लाकडं नीट रचली आहेत की नाही ते पाहत राहिलो. आपला फौजी ट्रक मागच्या आवारात तसाच उभा आहे. नाल्यातून ओढून आणला त्या दिवसापासून तो कोणी चालू केलेला नाही. शेजारच्या नानीबाईच्या कोंबड्या त्याच्या हौद्यात अंडी घालतात आणि ती अंडी नेताना आमच्या जैनाच्या दारात विटाळ नको म्हणून पदराखाली झाकते. गावात त्या ट्रकचा विषय निघाला की लोक अजून एकच बोलतात: देवमन पिन घालायला विसरला. तूही तेच म्हणतोस. तेवढ्यापायी तू पाना खाली ठेवलास आणि रुईचे गठ्ठे उचलायला गेलास. म्हणून मला सगळं पहिल्यापासून लिहिलं पाहिजे, तुला ठाऊक असलेलंसुद्धा, कारण तुला ठाऊक असलेल्यातच एक गोष्ट चुकीची आहे.

फौजी आणला तो बाबूजींनी, लष्करी लिलावातून. दुसऱ्या लढाईतली गाडी, चारही चाकांना इंजिनाचा जोर, समोर जाळी, नाक बैलासारखं. पावसाळ्यात इंझोरीकडच्या काळ्या चिखलात बैलगाड्या रुतायच्या तिथून हा भरल्या पोत्यांनिशी निघायचा. पण सरळ मात्र चालायचा नाही. स्टिअरिंगचं चाक अर्धा फेरा फिरवावं तेव्हा कुठे पुढच्या चाकांना कळायचं. वेग जरा वाढला की पुढची चाकं अशी डगडगायची की दात वाजायचे. दोन ड्रायव्हर सोडून गेले. दुसऱ्याने जाताना बाबूजींना सांगितलं, "शेठजी, ही गाडी नाही, म्हैस हाय. पाणी दिसलं का तिकडं जाते." तेव्हा मी तुझं नाव घेतलं. मंगरूळच्या शाळेत तू माझ्या मागच्या बाकावर होतास, सातवीनंतर शाळा सोडून कामठीला एका फौजी मेकॅनिककडे राहिलास आणि हातचं काम शिकून परत आलास. बाबूजी म्हणाले, "तो? तो करील?" मी म्हटलं, करील. माझ्या आयुष्यात तुझ्या बाजूने मी इतकं ठाम बोललो ते तेवढंच, आणि त्यात माझं काही जात नव्हतं.

तो उन्हाळा आठवतो का? तू पुढचा सगळा भाग खोलून गोणपाटावर मांडलास. जिथे चाक वळतं तिथले खिळे झिजून अंडाकृती झाले होते. तू ते अकोल्याला नेऊन लेथवर नवे बुश करून आणलेस, आणि एक बुश केसभर मोठा निघाला म्हणून पुन्हा एसटीने गेलास. मी म्हटलं, केसभराने काय होतं? तू म्हणालास, "चाकापाशी केसभर, तं रस्त्यावर हातभर." स्टिअरिंगच्या पेटीतली ढिलाई काढलीस. स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी पाचरी घालून पुढच्या आसाला किंचित मागे कलवलंस, म्हणजे चाक वळल्यावर आपणहून सरळ यायला बघतं. आणि शेवटी चाकांचं जुळवणं. टायरवर खडू फासून, जॅकवर चाक गरगर फिरवून, खिळा टेकवून बारीक रेघ काढायचास. मग बांबूची कामटी दोन रेघांमध्ये धरून पुढून एकदा मोजायचास आणि मागून एकदा. "चाकाईची नजर पाह्यतो," म्हणायचास. दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, पुस्तकात ज्याला टाय रॉड म्हणतात, तो एका टोकाला सोडवून फिरवला की चाकं जवळ येतात किंवा लांब जातात. मग ते टोक परत चाकाच्या बाहूत बसवायचं, नट आवळायचा, आणि नट सुटू नये म्हणून त्यातून दोन पायांची पिन घालून तिचे पाय वाकवायचे. मी बाजूला स्टुलावर बसून पाहत होतो. एवढं मी पाहून शिकलो होतो, हे लक्षात ठेव.

तुझं काम झाल्यावर आपण दोघंच मंगरूळच्या रस्त्याने गेलो. लिंबाच्या झाडांमधला तो सरळ पट्टा. तू वेग वाढवलास आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवलेस. फौजी सुतासारखा जात होता. "पाह्य, पूनम," तू म्हणालास. चारचौघांत तू मला शेठ म्हणायचास, तुमी म्हणायचास. शाळेतलं माझं नाव तू त्या रस्त्यावर घेतलंस आणि मला इतका आनंद झाला की मी तो वहीत लिहिला. ते पान आहे. त्यापुढची पानंही आहेत, ती मी काल पुन्हा वाचली. बाजाराच्या दिवशी शेतकरी दुकानावर येऊन विचारायचे, "देवमन कुठी हाय? आमच्या टॅक्टरचं पाहाले पायजे." ट्रक माझा, अंगण माझं, आणि सगळे तुला शोधत. दौलतराव पाटील तर माझ्याच ओट्यावर बसून म्हणाले, "शेठ, तुमी बीएस्सी झाले आन् पोते मोजता, हा सातवी पास, पाहा कसा हत्ती माणसाळवला!" सगळे हसले, मीही हसलो. वहीत मी त्या दिवशी लिहिलं आहे: 'देवमनला जरा गर्व झालेला दिसतो.' तुला काही झालेलं नव्हतं. तू त्या वेळी खाली ओट्याच्या पायरीवर बसून माझ्याच मोटारसायकलची साखळी धूत होतास. पायरीवर, कारण आमच्या ओट्यावर तुला बस असं आम्ही कोणी कधी म्हटलं नाही. मी कॉलेजात समतेवर निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं.

मग मी नागपूरला गेलो तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या जातीच्या ट्रकची लष्करी इंग्रजी पुस्तिका मिळाली. आकृत्या, मापं, कोन, सगळं होतं. चाकं पुढच्या बाजूने किती जवळ असावीत याचा आकडा होता. मी गुपचूप तुझ्याच कामटीने मोजलं. तुझं माप पुस्तकापेक्षा कमी होतं. तू चाकं जवळजवळ समांतर ठेवली होतीस. मी तुला सरळ विचारलं असतं तर तू कारण सांगितलं असतंस. मी विचारलं ते असं: "देवमन, पुस्तकात वेगळं लिहिलं आहे." तू म्हणालास, "पुस्तकात असन, शेठ. पण ह्याच्या पुढच्या चाकाईले जोर देला का ते आपसूक आत ओढतात. जास्त ठेवलं तं टायर खाईन." आणि मग हसून, "पाहा बावा, बाकी कुठीबी हात लावा, इस्टेरिंगले नोका लावू." समोर दौलतराव होते, आणखी दोघं होते. मला ते लागलं. फार नाही, काटा लागावा तेवढं. दसऱ्याला तू दीक्षाभूमीवर जायला तीन दिवसांची सुटी घेतलीस आणि मी लगेच दिली, जरा जास्तच लगेच.

रविवारी दुपारी दुकान बंद करून मी फौजीच्या खाली शिरलो. टाय रॉडच्या टोकाची पिन काढताना तिचा एक पाय तुटला. नट काढला, टोक सोडवलं, दांडा फिरवला, कामटीने मोजलं, परत फिरवलं. पुस्तकाचा आकडा जुळला तेव्हा मला परीक्षेत गणित सुटल्यासारखं वाटलं. इतक्यात प्रेमाने मागच्या दारातून हाक मारली, "अहो, दिवस बुडून राह्यला, पानं वाढली." चातुर्मास होता. सूर्यास्तानंतर अन्न-पाणी नाही हा माझा नेम तुला माहीत आहे. नवी पिन मला सापडेना. तुझ्या डब्यात असणार आणि डबा तू कपाटात ठेवून गेला होतास. पाना हातात होता, पण मान मोडून खाली शिरून आवळायला पाच मिनिटं लागली असती. मी नट हाताने फिरवून बसवला, सकाळी पिन घालून पक्का करू म्हटलं, आणि हात धुऊन जेवायला गेलो. कधी नव्हे ते दोन घास जास्त जेवलो. सकाळी मी ते विसरलो.

सोमवारी पहाटेच्या एसटीने तू उतरलास तो सरळ आवारात आलास, कारण इंझोरीहून उडीद आणायचा होता आणि आभाळ भरून आलं होतं. निघण्याआधी तू नेहमी खाली वाकून पाहायचास. त्या दिवशी पाहिलं नाहीस. पुढे दवाखान्यात तू मला त्याचं कारण सांगितलंस, कबुली दिल्यासारखं: दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी तपासावी लागते, ही तर माझ्याच हातची होती. मंगरूळला माहेरहून परतणारी हिरीबाई भेटली, इंझोरीचीच, म्हणून तू तिला मागे रिकाम्या पोत्यांवर बसवलंस. इंझोरीच्या अलीकडच्या नाल्यात उतरताना नट गळून पडला. दांड्याचं टोक सुटलं, डावं चाक एकीकडे आणि उजवं दुसरीकडे, स्टिअरिंग तुझ्या हातात उलटं फिरलं आणि त्याच्या आरीने तुझा उजवा अंगठा मोडला. फौजी कुशीवर पडला. हिरीबाईचा पाय फळीखाली आला. तू तसल्या हाताने एकट्याने फळी उचललीस आणि तिला पाठीवर घेऊन इंझोरीपर्यंत चिखलातून गेलास. हे तू कोणाला सांगितलं नाहीस, तिने सांगितलं.

पोलिसात कोणी गेलं नाही. पण गावाला पोलीस लागत नाही. संध्याकाळपर्यंत ओट्यावर निकाल लागला होता. "नागपूरले तीन रात्री जागून आला असन." "ह्याईले डोक्यावर चढवून ठेवलं का असंच होते, शेठ." ह्याईले म्हणजे कोणाला, ते ओट्यावर सगळ्यांना कळत होतं. त्यांच्यातल्या एकानेही तुझं माप कधी मोजलं नव्हतं, तुझी जात मात्र सगळ्यांना पाठ होती. मी तिथे बसलो होतो. माझ्या सदऱ्याच्या खिशात ती तुटलेली पिन होती. मी उठलो, मागे विहिरीवर गेलो, ती पाण्यात टाकली आणि परत येऊन बसलो.

आता तू दवाखान्यात होतास त्या दुपारबद्दल. तुझ्या घरच्या, विमलबाई, उशाशी बसल्या होत्या. मी आत आलो तसा तू उठून बसलास आणि मी काही बोलायच्या आत म्हणालास, "शेठ, माह्या हातून चुकलं. पिनीचं भोकच रिकामं होतं. म्या पिन घातली होती असं मले वाटते, पण भोक रिकामं होतं, मंग वाटून काय उपेग?" तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी घरून ठरवून निघालो होतो की सांगायचं. वाटेत वाक्यंही जुळवली होती. आणि तू माझ्यासमोर हात जोडलेस, एक हात प्लास्टरमधला, आणि मी म्हटलं, "जाऊ दे, देवमन. माणसाकडून चूक होते. मी तुला माफ केलं." विमलबाई माझ्या पाया पडल्या. देवमन, मी पाय मागे घेतले नाहीत.

वर एका परिच्छेदाच्या शेवटी मी लिहिलं आहे की सकाळी मी ते विसरलो. ते खोटं आहे. खोडणार होतो, पण ठेवलं; मी तुला लिहायला बसलो तरीही माझा हात काय लिहितो ते तू पाहावंस. मी विसरलो नव्हतो. तू आवारात आलास तेव्हा मी पुढच्या खोलीत सामायिकात बसलो होतो. अठ्ठेचाळीस मिनिटं आसन सोडायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही. समोर वाळूची घडी होती, निम्मी वाळू वर होती. तू बाहेरून म्हणालास, "शेठ, निघतो!" प्रेमा म्हणाली, "सामायिकात आहेत ते." तू लगेच आवाज खाली आणलास. माझं व्रत मोडू नये म्हणून तू इंजिनसुद्धा हळू तापवलंस, जवळजवळ दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मला नट आठवत होता, माझ्या बोटांना लागलेलं ग्रीस आठवत होतं. मी वाळूकडे पाहत होतो. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की व्रतामुळे उठलो नाही. हे टिकत नाही. दिव्यावर पतंग झेपावला तर त्याला वाचवायला सामायिकातून उठावं, हे मला लहानपणी शिकवलं आहे, आणि उठलेल्याला प्रायश्चित्त सोपं असतं. मी उठलो नाही, कारण उठून मला म्हणावं लागलं असतं, थांब, मी स्टिअरिंगला हात लावला आणि मला ते नीट जमलं नाही. बाहेर दूधवाला होता, नानीबाई होती. त्यांच्यासमोर म्हणावं लागलं असतं. मंगरूळपर्यंत नट धरेल, मी स्वतःशी म्हटलं. तो खाली पाहीलच, असं म्हटलं. फौजी आवारातून बाहेर पडल्याचा आवाज आला तेव्हा मला काय वाटलं तेही लिहितो: सुटलो, असं वाटलं.

त्या पुस्तिकेचं पुढचं पान मी महिन्याभराने वाचलं. पुढच्या चाकांना जोर देऊन चिखलात वापरायची असेल तर चाकं जवळजवळ समांतर ठेवावीत, असं त्यात बारीक अक्षरात होतं. तुझं माप तंतोतंत तेच होतं.

तुला दर वर्षी संवत्सरीला माझं छापील कार्ड येतं. जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. दोनशे कार्डं जातात, व्यापाऱ्यांना, नातेवाइकांना, त्यात तुझंही. पत्ता लिहिताना दर वर्षी माझा हात 'अजाणता' या शब्दापाशी जरा विसावत असे. पहिल्या वर्षी तुझं उत्तर आलं होतं, डाव्या हाताने लिहिल्यासारखं वाकडं: 'शेठ, तुमी माफी कायले मागता. चूक माही होती. तुमी माफ केलं हे मी इसरनार नाई.' ते कार्ड मी प्रेमाला वाचून दाखवलं नाही. बाकी सगळी उत्तरं आम्ही दोघं मिळून वाचतो.

मागच्या आठवड्यात हेमसिंग आला होता, जीप चालवतो तो, तांड्यावरचा. कारंज्याला त्याच्या जीपचं स्टिअरिंग डगडगायला लागलं आणि तू त्याला जिनिंगच्या फाटकाशी भेटलास. त्याने म्हटलं, देवमनभाऊ, जरा पाहून दे. तू दोन्ही हात पाठीमागे बांधलेस, असं त्याने मला करून दाखवलं, आणि म्हणालास, "मी इस्टेरिंगले हात लावत नाही. ह्या हातानं एका बाईचा पाय गेला." हेमसिंग हे सांगताना हसत होता, त्याला वाटलं तू टाळतो आहेस. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तू गाव सोडलंस, काम बदललंस, एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. तुझा स्वतःच्या हातांवरचा भरवसा गेला आहे, तो मी नेला आहे, हे मी कधी समोर धरून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर दौलतराव आणि इतर सगळ्यांसमोर सांगितलं: पिन मी काढली होती, नट मी सैल ठेवला होता. मग दौलतराव म्हणाले, "शेठ, तुमचं मन लय मोठं हाय. नोकराची चूक आपल्या अंगावर घेणारा माणूस आजकाल भेटते कुठी?" आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत वर चढत होतो आणि तू तिथेच खाली राहत होतास. संध्याकाळी एकाने येऊन मला नमस्कारसुद्धा केला.

म्हणून परवा मी इंझोरीला गेलो, हिरीबाईकडे. ती अंगणात बसून मुगाच्या शेंगा सोलत होती, लंगडा पाय लांब करून. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सामायिकासकट. तिने मान वर केली नाही. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मले वाटलंच होतं काहीतरी. देवमन असा पिन इसरणारा माणूस नाही. पाठीवर घेतलं तवा मले म्हणे, बाई, पाय हलवू नोको, हाड सरकते." मी म्हटलं, माझं चुकलं. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "मले कायले सांगता? माहा पाय तं गेलाच. ज्याचे हात गेले त्याले सांगतलं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग इथं कायले उभे राह्यले?"

मी कारंज्याला यायला निघालोही होतो. बसस्टँडवरून परत फिरलो. समोर आलो असतो तर पहिल्या वाक्यालाच तू "जाऊ द्या, शेठ" म्हणाला असतास, आणि मी ते घेतलं असतं, जसे विमलबाईंच्या डोक्याखालचे पाय मागे घेतले नाहीत तसंच सहज. कागदावर तू मला मध्येच थांबवू शकत नाहीस. तेव्हा हे पत्र विमलबाईंना वाचून दाखव, मुकादमाला दाखव, हेमसिंगला दाखव, ज्याला वाटेल त्याला. म्हणूनच सही पूर्ण नावाने केली आहे. मला उत्तर नको, माफी तर नकोच, ती मी एकदा चुकीच्या दिशेने वापरून बसलो आहे. एवढंच कर. पुढच्या वेळी कोणी जीप घेऊन फाटकाशी आला तर हात पाठीमागे नेऊ नकोस. तू पिन घातली होतीस, देवमन. तिचे दोन्ही पाय तू नीट वाकवले होतेस, इतके घट्ट की मला काढताना एक तुटला.

तुला माफ करायचा काडीचा अधिकार नसलेला,
तुझाच
पूनमचंद हुकूमचंद